मेश्राम काका आणि अडलेला लिव्हर

मेश्राम काका दर रविवारी सकाळी आपल्या ट्रकचा लिव्हर तोलतात. म्हणजे लिव्हर उपटून तागडीत घालतात असं नाही. रद्दीवाला ज्या हुकाच्या काट्याने पेपर तोलतो, तसा एक स्प्रिंगचा काटा त्यांच्याकडे आहे. त्याचा हुक ते लिव्हरच्या मुठीखाली अडकवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि श्वास रोखून काटा हळूहळू ओढतात. लिव्हर जागचा हलला की त्या क्षणी काट्यावर जो आकडा असेल तो मोठ्याने जाहीर होतो. "साडेअकरा किलो!" मग खिशातून खडू निघतो आणि तो आकडा आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या खांबावर तारखेसकट लिहिला जातो. एकदा सफाईवाल्याने खांब धुऊन टाकला, तर काकांनी सोसायटीच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. तक्रारीचा विषय होता, 'तीन आठवड्यांची निरीक्षणे नष्ट झाल्याबाबत'.

"निरोगी लिव्हरला चार किलो लागते," काका सांगतात. हा आकडा कुठल्या पुस्तकात आहे, असं मी एकदा विचारलं. "पुस्तकात कशाला राहील? बिघडायच्या आधी मीच तोलून ठेवला होता," ते म्हणाले. चांगल्या चालणाऱ्या वस्तूचं माप घेऊन ठेवणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे धीर होईलच याची खात्री नाही. चार किलोंचे साडेअकरा कोणी केले, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी केले.

मी गुरुग्राममधल्या एका कंपनीत आहे. दरवर्षी नव्या भरतीच्या पोरांना प्रामाणिकपणावर दीड तासाचं प्रशिक्षण देणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्यात एक स्लाइड आहे, 'चूक झाली की चोवीस तासांत कळवा, लपवू नका.' ती स्लाइड मीच बनवली आहे आणि ती दाखवताना मी जरा थांबून सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघतो, म्हणजे पोरांवर परिणाम होतो. गेल्या वर्षी मात्र मी ती घाईघाईने पुढे सरकवली.

मेश्राम काका मूळचे भंडाऱ्याकडचे. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. घर दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आणि काम राजस्थानात नाहीतर बुंदेलखंडात, बोअर मारणाऱ्या गाड्यांच्या मागे मागे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मुलाने घेतलेल्या आमच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये काका-काकू राहायला आले. मुलगा, प्रशांत, बेंगळुरूला. काकू पाच वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर वर्षभराने काकांनी हा पिकअप ट्रक घेतला. पुढे पाच माणसं बसतात, मागे उघडा हौदा, आणि चारही चाकांना ताकद देणारी फोर-व्हील ड्राइव्ह. आयुष्यभर अशा गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून धूळ खाल्ली, आता एकदा ड्रायव्हरच्या जागी बसून खायची, असं त्यांनी त्याचं कारण सांगितलं होतं.

सोसायटीने या गाडीला कधी आपलं मानलं नाही. 'हे कमर्शियल वाहन आहे का?' असा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी टाकतं. गुरुग्राममध्ये असली गाडी हवी कशाला, असंही लोक म्हणतात. पण आमच्याकडे जुलैत जो चिखल होतो तो थेट मोठ्या रस्त्याच्या मधोमध होतो. मागच्या जुलैत अंडरपासच्या पाण्यात बुडालेल्या चार गाड्या काकांनी दोर बांधून बाहेर ओढल्या. पाचवी माझी होती. मी पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसलो होतो आणि काका गुडघाभर पाण्यात उभे राहून माझ्या गाडीचा हुक शोधत होते.

या गाडीत मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटा लिव्हर आहे. पुढे असला की मागची दोनच चाकं ओढतात. मागे ओढला की चारही. माती, वाळू, चिखल असेल तेव्हा चार, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन. एवढंच लक्षात ठेवायचं असतं. कोरड्या रस्त्यावर चारही चाकांनी गाडी चालवली तर वळणावळणाला आतले दांडे पिळले जातात आणि लिव्हर अडकतो. हे मला आता तोंडपाठ आहे. तेव्हाही काकांनी सांगितलं होतं, माझंच लक्ष नव्हतं.

झालं होतं ते असं. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गणपती असतो आणि मी त्याचा सहचिटणीस आहे. विसर्जनाला ठरलेला टेंपो ऐनवेळी आला नाही. मी काकांकडे धावलो. काका बौद्ध. मंडळाच्या आरतीला ते कधी येत नाहीत आणि खरं सांगायचं तर मंडळाने त्यांना कधी धड बोलावलेलंही नाही. पण किल्ली मागितल्याबरोबर त्यांनी ती काढून दिली. "गणपती तुमचा, गाडी माझी. दोघांनाही सांभाळून न्या," एवढंच म्हणाले. मग मला गाडीत बसवून त्यांनी वीस मिनिटं त्या छोट्या लिव्हरची माहिती दिली. मी मान हलवत होतो आणि मोबाइलवर ढोल-ताशावाले कुठे पोचले ते बघत होतो. "चिखल संपला की लगेच पुढं सारायचा. नाहीच सरकला, तर दहा पावलं सरळ रिव्हर्स घ्या, आपोआप सुटते. जबरदस्ती नाही. काहीही झालं तरी जबरदस्ती नाही."

"बिल्कुल, काका," मी म्हणालो.

विसर्जनाच्या कृत्रिम तलावापाशी चिखल होता. मी रुबाबात लिव्हर मागे ओढला आणि गाडी लोण्यासारखी वर आली. हौद्यात उभ्या असलेल्या मंडळींनी माझ्या नावाने मोरया केला. त्या मोरयात मी लिव्हर पुढे सारायचं विसरलो. पंधरा-सोळा किलोमीटर मी तसाच डांबरी रस्त्याने आलो. शेवटच्या यू-टर्नला गाडी आचके द्यायला लागली. लिव्हर ढकलतो तर हलेना. मागून हॉर्न. हौद्यातून सूचना. मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "करमरकर, तुम्हाला येते ना ही गाडी?"

हा प्रश्न माझ्या वर्मी लागला. सीटमागे जॅकचा लांब लोखंडी दांडा होता, गॅरेजवाले त्याला टॉमी म्हणतात. तो मी लिव्हरच्या मागे घातला, दोन्ही पाय रोवले आणि सगळं अंग टाकून रेटा दिला. आतून कट्ट असा आवाज आला. लिव्हर सुटला. "येते की," मी बाईंना म्हणालो.

घरी आल्यावर मी काकांना किल्ली दिली आणि मोदकांचा डबा दिला. "काही त्रास?" त्यांनी विचारलं. "छे, एकदम मस्त चालली," मी म्हणालो. त्यांनी मोदक घेतला आणि ते खुश झाले. दोन दिवसांनी मंडळाच्या आभाराच्या कार्यक्रमात मी बावीस नावं वाचून दाखवली. त्यात लाइटवाला होता, ज्यूसचे कॅन देणारा दुकानदार होता. काकांचं नाव राहिलं. यादी मीच केली होती. आजही ती यादी आठवली की माझे कान गरम होतात.

त्यानंतरच्याच आठवड्यात प्रशांत ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस आला, वडिलांची गाडी घेऊन एकदा बाहेर जाऊन आला आणि परत गेला. पुढच्या रविवारी काकांनी महिन्याचा शिरस्ता म्हणून लिव्हर ओढून पाहिला. ते तसेच पायजम्यावर माझ्या दारात आले. "करमरकर साहेब, लिव्हर बोलून नाही राहिला."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यातून बाहेर पडलं, "अरे बापरे! चला, बघूया."

असा मी त्यांचा रविवारचा मदतनीस झालो. बायको आश्चर्याने बघायची. "स्वतःच्या घरातला बल्ब बदलत नाहीस, आणि तिकडे तीन-तीन तास टॉर्च धरून उभा असतोस. एवढा परोपकार कुठून आला?" तिला काय सांगणार? मला वाटत होतं, दोष लवकर सापडावा, दुरुस्त व्हावा, आणि तो कोणी केला हा प्रश्न त्या भरात राहून जावा.

पण काका घाई करणाऱ्यातले नाहीत. "पहले डायग्नोसिस, फिर पाना," हे त्यांचं आवडतं वाक्य. आधी दुखणं ओळखायचं, मगच पान्याला हात लावायचा. ते लिव्हरच्या शेजारी बसून हलक्या हाताने त्याला पुढेमागे करत आणि कान वाकडा करून ऐकत. मी एकदा हात घातला तर रागावले. "तुम्ही त्याला ढकलून राहिले. ढकलायचं नाही, विचारायचं. त्याला कुठं दुखते ते तो सांगते." मी विचारायचा प्रयत्न केला. त्याने माझं नाव सांगितलं नाही, हे त्याचे उपकार.

आधी त्यांनी लिव्हरच्या बुडाशी असलेलं रबर बदललं. फरक नाही. मग सांध्यांना ग्रीस भरलं. बारा किलोंचे साडेअकरा झाले, आणि त्या अर्ध्या किलोसाठी काकांनी मला चहाबरोबर शेव-चिवडा दिला. मग ते म्हणाले की आत एक बुश असतो, लिव्हर ज्यात फिरतो ती छोटी बांगडी, ती झिजली असेल. बुश दिल्लीत, करोल बागेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात मिळेल. जुना बुश त्यांनी फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवला आणि आम्ही मेट्रोने निघालो. सुरक्षा तपासणीत डबा उघडायला लावला. आत भाजीच्या कप्प्यात काळाकुट्ट लोखंडी तुकडा. "यह क्या है, अंकल?" "पेशंट है," काका गंभीरपणे म्हणाले.

करोल बागेतल्या एका दुकानदाराने बुश दोन बोटांत फिरवला आणि काउंटरवर ठेवला. "अंकल जी, यह तो ठीक है. लिव्हर अपने आप सख्त नहीं होता. किसी ने जोर लगाया है. टॉमी फँसा के."

त्या गर्दीत मला एकाएकी समोरच्या सीट-कव्हरच्या दुकानात फार रस वाटायला लागला.

"हमारी गाड़ी में ऐसा आदमी बैठता ही नहीं," काका ताठ होऊन म्हणाले.

"चलाई किस-किस ने?"

"मैंने. और एक दिन इन्होंने." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ये तो पढ़े-लिखे शरीफ आदमी हैं. पूछ के ले जाते हैं, बता के लौटाते हैं." मग ते जरा थांबले. "और एक दिन बेटे ने."

"बस, तो फिर बेटा," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परतीच्या मेट्रोत काका डबा मांडीवर धरून बसले होते. मी खिडकीबाहेर बघत होतो. राजीव चौकापर्यंत सांगायचं असं मी ठरवलं, मग पुढच्या स्टेशनपर्यंत, मग त्याच्या पुढच्या. अशी सगळी स्टेशनं संपली. त्या संध्याकाळी काकांनी प्रशांतला फोन केला. मी समोरच बसलो होतो.

त्या दोघांचं फोनवरचं बोलणं मी आधीही ऐकलेलं होतं. "ठीक?" "ठीक." "जेवला?" "हो. तुम्ही?" "हो." "चलो, ठेवतो." काकू होत्या तेव्हा फोन त्यांच्याकडे असायचा आणि बापलेकांचे निरोप त्याच इकडून तिकडे पोचवायच्या. त्या गेल्यावर फोन पंधरा दिवसांनी यायला लागला, मग महिन्याने. त्या दिवशी मात्र काका चक्क ओरडले. "लिव्हरवर जोर लावला होता का तू? खरं सांग!" फोन स्पीकरवर होता. मग प्रशांतचा आवाज आला, "हो बाबा, बहुतेक. पार्किंगमध्ये हँडब्रेक समजून मागे ओढला. वापस टाकताना अडकत होता. मी जरा जोराने ढकलला. सॉरी."

बिचाऱ्याने आधीच मोडलेला लिव्हर ढकलला होता आणि त्याला वाटलं, आपणच मोडला. मी समोरच्या बशीतल्या शेवेकडे बघत बसलो. एवढं हलकट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तरीही मी बोललो नाही.

पुढच्या रविवारी अकरा वाजता, काका गाडीखाली आडवे असताना, त्यांचा फोन वाजला. प्रशांत. "बाबा, लिव्हरचं काय झालं?" त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. अपराधी वाटत होतं पोराला. तो इंटरनेटवर शोधून गिअरबॉक्सच्या फिल्मा पाठवायला लागला. "बाबा, कुठलं ऑइल टाकलंय? चेक केलं का?" काका फोन छातीवर ठेवून, स्पीकर लावून, गाडीखालून उत्तरं द्यायचे. हळूहळू फोन लांबत गेले. ऑइलवरून दिल्लीतल्या थंडीवर, थंडीवरून काकांच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून काकू करायच्या त्या मेथीच्या लाडवांवर. एकदा तर दोघं पाऊण तास बोलले आणि मी टॉर्च धरून तेवढा वेळ उभा राहिलो. हात भरून आला, पण मी तो खाली घेतला नाही. मला वाटलं, भोग आहेत.

दिवाळी झाली आणि काकांचं निदान भलतंच सखोल झालं. चारही टायर सारखे नसतील तरी लिव्हर जड होतो, असं म्हणून त्यांनी शिंप्याची टेप आणली आणि टायरांचे घेर मोजले. मी एका बाजूने टेप धरलेली, काका दुसऱ्या बाजूने रांगत येताहेत, आणि सकाळच्या फेरीला निघालेल्या बायका थांबून बघताहेत. "अंकल, नया सूट सिल रहे हैं?" एकीने विचारलं. "हाँ जी, चार पीस का," काकांनी मान वर न करता सांगितलं. मग गिअरबॉक्सचं ऑइल काढून जॅमच्या बाटलीत भरलं, त्यावर चिठ्ठी लावली, दोन बोटांत चोळून वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. "काही वेगळं वाटते?" मला गिअर-ऑइलच्या वासाचा आत्मविश्वास नव्हता, म्हणून मी म्हणालो, थोडंसं. प्रशांतला फोनवर ताबडतोब कळवण्यात आलं की करमरकर साहेबांनाही शंका आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी काका गाडीखालून बाहेर आले तेच हसत. "प्रशांत येऊन राहिला. पुढच्या शनिवारी. आठ दिवसांची सुट्टी टाकली त्यानं. म्हणे, बाबा, आपण दोघं मिळून सगळं खोलू."

मी त्या रात्री धड झोपलो नाही. एक माणूस माझ्या चुकीसाठी आठ दिवसांची रजा टाकून दोन हजार किलोमीटर येणार, गाडीखाली झोपणार, वडिलांसमोर मान खाली घालून पाने हातात देणार, आणि मी टॉर्च धरणार! पुढच्या दिवसांत मी चारदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोनदा कोथिंबीर मागून परत आलो.

शेवटी प्रशांत यायच्या आधीच्या शुक्रवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि सकाळी खाली पार्किंगमध्ये गेलो. काका हौदा धूत होते. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो. तलाव, चिखल, डांबरी रस्ता, यू-टर्न, अध्यक्षीणबाई, टॉमी, कट्ट आवाज, आणि नंतर म्हटलेलं 'एकदम मस्त चालली'. करोल बागही सांगितली. आभाराच्या यादीतून राहिलेलं नावही सांगितलं, त्याचा लिव्हरशी काही संबंध नसताना. "प्रशांतची काही चूक नाही, काका. मीच केलं ते. मला फार लाज वाटतेय," असं म्हणून मी थांबलो.

काकांनी पाण्याची नळी बंद केली. मग म्हणाले, "या."

गाडीखाली त्यांनी पुठ्ठा अंथरला होता. मी पँट-शर्टात त्यांच्या शेजारी आडवा झालो. त्यांनी लिव्हरपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या एका बारीक दांड्यावर बोट ठेवलं. तो मधोमध वाकला होता. थोडासाच, पण माझ्यासारख्यालाही दिसेल इतका.

"हाच," ते म्हणाले. "दिवाळीच्या चार दिवस आधी दिसला मला."

"दिवाळीच्या? मग सरळ का नाही केलात?"

"लेथवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग ते टायर? ते ऑइल?"

काका वर बघत होते, त्या वाकड्या दांड्याकडे. "साहेब, हा सरळ झाला असता तर प्रशांतनं रविवारी कशासाठी फोन केला असता?"

आम्ही दोघं तसेच पडून राहिलो. वरून गाडीचं पाणी ठिबकत होतं.

"तुम्ही तेव्हाच सांगायला पाहिजे होतं," थोड्या वेळाने ते म्हणाले. आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. "रॉडचं काही नाही. रॉड लोखंडाचा आहे. पण मी पोरावर ओरडलो नं. त्यानं न केलेलं काम कबूल केलं आणि मी करू दिलं."

"मी आत्ता त्याला फोन करतो," मी म्हणालो. "सगळं सांगतो. उद्या तो येईल तो निदान ताठ मानेने येईल."

काकांनी माझं मनगट धरलं. बोअरच्या गाड्यांवर काम केलेला हात, चांगलाच घट्ट धरला.

"नका सांगू."

"अहो, पण काका..."

"उद्या येऊन राहिला तो. आठ दिवस. आई गेल्यापासून दोन दिवसांच्या वर राहिला नाही इथं. तुम्ही सांगाल तर तो म्हणेल, बाबा, मग माझं काय काम? रजा कॅन्सल करेल. समजदार पोरगा आहे, रजा वाया नाही घालवत." ते कुशीवर वळले आणि माझ्याकडे बघायला लागले. सत्तरीचा माणूस, केसांत गाडीखालची माती. "आठ दिवस होऊन जाऊ द्या. मग मी स्वतः सांगीन. तोवर तुम्ही चूप राहा. एवढं करा माझ्यासाठी."

सहा महिने मी स्वतःला वाचवायला गप्प बसलो होतो. आता बोलायचं धाडस गोळा करून आलो, तर त्या माणसाने माझ्याकडे भीक मागावी तसं माझं गप्प राहणंच मागितलं. मी हो म्हणालो. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच.

तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला. प्रशांत विमानाची वेळ सांगायला बोलत होता. काकांचा चेहरा एकदम उजळला. "हो, हो. टर्मिनल कुठलं? मी येतो घ्यायला. लिव्हर? तसाच आहे. अडून बसला आहे. तू आल्याबिगर नाही सुटत तो." मग ते म्हणाले, "हो, इथंच आहेत," आणि फोन माझ्या हातात दिला.

"करमरकर काका, नमस्ते," प्रशांत म्हणाला. "बाबांनी सांगितलं, तुम्ही दर संडेला त्यांच्याबरोबर असता. माझ्यामुळे तुमचे सगळे संडे खराब झाले. मी त्या दिवशी तेवढा जोर नको होता लावायला. रिअली सॉरी, काका."

मी गाडीखाली आडवा होतो आणि शेजारून मेश्राम काका माझ्या तोंडाकडे डोळे लावून बघत होते.

"असू दे रे," मी म्हणालो. "होतं असं कधी कधी."

"थँक यू, काका," तो म्हणाला, अगदी मनापासून.